इहिरीतला पेटता कंदील

बेंबळीला गेलो ते इंजन बघायला. बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमच्या लोहाऱ्याच्या इहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की काठावरच्या इंजनाला ओढंना. बाप म्हणला, "तुझ्या दाजीनं सोसायटीचं इंजन इहिरीतच उतरवलंय म्हणं. बघून ये. आपुन बी उतरवू, न्हायतर लिंबोणीची बाग गेली म्हणून समज."

निघालो. लोहाऱ्याहून यष्टी, उस्मानाबादला बदलायची. आता धाराशिव म्हणतेत, अन् जीपा बी सुटतेत. कुणाला जायाचं आसंल तर सकाळचीच गाडी धरा, दुपारी पत्रा तापून बूड भाजतंय. टोपी न्या, पाणी न्या, बाकी थाट नको. स्टँडावर चहा-भजी खाल्ली, तवा चिल्लरीत भागायचं. खिडकीतनं बघावं तर रान भुंडं. रस्त्याच्या कडंला जमीनवालं अन् मजूर एकाच रांगेत खडी फोडायलेलं.

बेंबळीत दाजीनं लांबूनच जयभीम घातला. अक्कानं, म्हंजी माझ्या थोरल्या बहिणीनं, मिलोची, म्हंजी रेशनच्या अमेरिकन जवारीची, तांबडी भाकर अन् ठेचा वाढला. भाकर गिळवंना, पर गिळली.

मग इहीर बघितली. काय सांगू! वाकून बघितलं. काळ्या दगडात निम्म्यावर टप्पा काढलेला, त्याच्यावर इंजन. सुरू केलं की आख्खी इहीर ढोलावानी घुमायची. पाइपातनं मनगटाएवढं पाणी वर आलं अन् माझं डोळं फाटलं. दुष्काळात एवढं पाणी! म्हणलं, बास, घरी जाऊन हेच करायचं.

दुसऱ्या दिवशी इंजन मधीच बंद पडलं. दाजी डिझेल घिऊन उतराय निघालं.

म्या म्हणलं, "दाजी, आदी कंदील सोडा. खराब हवा आसंल तर इझतंय."

"पावणं कंदील घिऊन आल्यात! इहिरीत लगीन हाय का काय?"

अक्का मधी पडली. "अवो, दात काढू नका. इंजन बसवल्यापून एक पारवा फिरकंना इहिरीत. त्यास्नी कळतंय, तुमास्नी कळंना. दोर बांधल्याबिगर उतरायचं न्हाय."

"तुझा भाऊ आला की तुझी जीभ लांब हुती."

बडबडत का हुईना, दोर बांधून घेतला. तोवर म्या कंदील सोडला. टप्प्यावर टेकला, जाळ हालला सुदीक न्हाय. "बघा!" म्हणत दाजी उतरलं.

टप्प्यावरनं दाजीचा आवाज यायचा. झाकण काढलं म्हणलं. मग कायतरी पुटपुटलं. मग हसलं. मग गप.

"दाजी! ओ दाजी!"

कंदील तसाच जळत हुता. त्याच्या उजेडात दाजी कुशीवर पडलेलं दिसत हुतं.

म्या खाली उडी घ्याय निघालो तर अक्कानं माझी गचांडी धरली. "दोगंबी जाता का? वढ!" शेजारच्या रानातली माणसं पळत आली. जुन्या मोटंचं चाक काठावर हुतं, त्याच्यावरनं दोर घातला अन् वढलं. वर आलं तवा दाजीचं तोंड लालबुंद, श्वास हाय का न्हाय कळंना. झाडाखाली वाऱ्याला निजवलं. लई येळानं उलटी झाली अन् अक्कानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. म्या डॉक्टरला म्हणलं, "सायेब, कंदील तर पेटता हुता."

डॉक्टर म्हणलं, "कंदिलाला रक्त कुठं असतंय? डिझेल अर्धवट जळलं की एक वायू निघतो. रंग न्हाय, वास न्हाय. तो रक्ताला चिकटतो, चांगल्या हवेला जागाच देत न्हाय. कंदील इझतो तो दुसऱ्या वायूनं. इंधन पुरतं जळल्यावर जो निघतो, त्यानं."

म्या चवथी शिकलेला. दाजी सावध झालं तवा घरची यष्टी धरली, अन् रस्ताभर वर बघत हुतो. आभाळ निळं, स्वच्छ. ह्याच्यात काय काय आसंल, अन् आपुन छाती भरून घेतोय! आता म्हणतेत, तो दुसरा वायू आभाळात साठून ऊन धरून ठिवतोय, जग तापतंय. लोकं इचारतेत, दिसतंय का कुठं? आभाळ म्हंजी बी एक इहीरच, फकस्त काठ न्हाय.

घरी बाप इंजन खोलायला पाने काढूनच बसलेला. "कसं बसवलंय?"

"झाक बसवलंय. आपुन उतरवायचं न्हाय."

सगळं सांगितलं. बाप म्हणला, "धूर दिसला का?"

"न्हाय."

"वास?"

"न्हाय."

"मग कशाला भ्यालास?"

"दाजी हसत हसत गप झालं, बाबा. अन् कंदील जळत हुता."

बापानं पाने गोळा केलं अन् पोत्यात बांधून ठिवलं.

लिंबोणीची बाग त्याच उन्हाळ्यात गेली. खोडं तोडताना बी बापानं मला बोल लावला न्हाय.