दत्तक घेतलेली एकोणीस

दहावीची परीक्षा जवळ आली, की ब्याडगीकडच्या त्या शाळेत हेडमास्तर कच्ची मुलं शिक्षकांना दत्तक द्यायचे. दत्तक पोरांना सरांनी पहाटे पाचला फोन करून अभ्यासाला उठवायचं, फोन लागला नाही तर थेट दारात जायचं. दाक्षायणी गणिताच्या बेळ्ळट्टी सरांच्या वाट्याला आली.

चाचणीत तिला शंभरात एकोणीस पडले होते. तेव्हापासून सरांनी तिला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. "एकोणीस, फळा पूस." "एकोणीस, दात काढू नकोस." वर्ग खिदळायचा. सर दुष्ट नव्हते, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. पोरीची मात्र पार रया गेली. लग्नाकार्यात पुढं होऊन गाणारी ती मान खाली घालून बसू लागली. एकदा मैत्रिणीनं एकोणीस म्हटलं, तर तिच्या थोबाडीतच ठेवून दिली. मी मठ्ठच आहे, असं तिला स्वतःलाही वाटायला लागलं होतं.

परीक्षेला अकरा दिवस उरले असताना सरांचा पहिला फोन आला. तिनं तो बंदच करून टाकला. "परीक्षा नाही नि काही नाही. तुझ्यासंगं मिरचीचे देठ मोडायला येते," तिनं आईला, शांतव्वाला, सांगितलं.

अर्ध्या तासात सरांची मोटारसायकल दारात. दाक्षायणीनं आतून कडी घातली.

"या सर, या," अंगणात शांतव्वाची तारांबळ उडाली. "अगं ए, सर आलेत! लाज काढतीस काय माझी?"

"एकोणीस झोपलीय म्हणून सांग!"

पाण्याला निघालेल्या बायका घागरी घेऊन थबकल्या. सरांचा चेहरा पडला. त्यांनी हातातला कागद पाहिला. त्यावर नुसते हजेरी क्रमांक आणि फोन नंबर होते.

"अव्वा," ते हळूच म्हणाले, "पोरीचं नाव काय हो?"

"दोन वर्षं शिकवताय की तिला!"

कडी खाड्कन निघाली. दाक्षायणीचे डोळे लाल झाले होते.

"दाक्षायणी," ती म्हणाली.

"चुकलं माझं, दाक्षायणी."

"इथं नको. वर्गात म्हणा. सगळ्यांच्या देखत."

शांतव्वानं कपाळावर हात मारला. सरांनी घाम पुसला. वीस वर्षांच्या नोकरीत असं त्यांना कुणी सुनावलं नव्हतं.

"म्हणतो. आज पहिल्याच तासाला."

दाक्षायणी दारातून बाजूला झाली. "मग आत या," ती म्हणाली.