बरोबर उत्तरावरची फुली

काल सहावीच्या मुलींना लाल पेनं वाटली आणि म्हटलं, "आज आपापली वही आपणच तपासा." वह्या परत आल्या, तर सुनंदाने एका अचूक गणितावर भलीमोठी फुली मारलेली.

"अगं, उत्तर बरोबर आहे की!" मी म्हणाले.

"हो बाई, पण पायऱ्या पाठ होत्या म्हणून आलं. भागाकारात दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, ते मला कळलेलंच नाही."

वीस वर्षं मी फळ्यावर तो अपूर्णांक उलटा करतेय. का करते, हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

वही अजून समोर उघडी आहे. ही फुली खोडू, की तिच्याशेजारी बरोबरची खूण करू? मुळात ती सुनंदाच्या गणितावर आहे की माझ्या, हेच मला समजेनासं झालंय.