बाहेरून उघडणारं कपाट

"टेपचं टोक माझ्याकडं दे. तू उंबऱ्याच्या बाहेरच थांब."

अकलूजच्या एका बंगल्यात, देवघराच्या दारात, मालकीणबाई मला असं म्हणाल्या. आमच्या आर्किटेक्ट सरांच्या जुन्या ओळखीच्या त्या, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. त्यांना स्वयंपाकघर आणि देवघर नवं करून हवं होतं. डिझाइन माझ्याकडं होतं. चपला मी अंगणातच काढल्या होत्या. पायसुद्धा धुतले होते. तरी बाहेर.

आल्या आल्या त्या "या मॅडम, बसा" म्हणाल्या होत्या. मग आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात घर कुठल्या बाजूला?" मी सांगितलं. खोटं कशाला सांगू? तिथून पुढं मॅडम गेली, तुम्ही गेलं. राहिली नुसती तू.

त्या आत टेप धरून फिरल्या, मी बाहेरून आकडे वाचले. चहा व्हरांड्यात आला, एका जुन्या स्टीलच्या कपात. आल्याचा, कडक. मी प्यायले आणि आकडे वहीत उतरवले. हे काम मला हवं होतं. लई हवं होतं.

सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसात लागल्यापासून माझ्या वाट्याला काय? पार्किंग, कंपाउंडच्या भिंती, गटारं, शाळांच्या मुताऱ्या. घराच्या आतलं काम कधी नाही. "त्याला तसा डोळा लागतो गं," सर म्हणायचे. इंटिरिअर करणारी मुलगी लग्न होऊन गेली, म्हणून हे माझ्याकडं आलं. "हे नीट केलंस तर इथून पुढं घरं तुझ्याकडं." असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

आणि मला त्यातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. आमच्या घरी एकाच खोलीत चूल, अंथरुणं, देव, सगळं. ओट्याची उंची किती ठेवायची हे मला कोण सांगणार? मग शुक्रवार पेठेतल्या मैत्रिणींच्या घरी जाऊन त्यांच्या ओट्याशी उभी राहिले. भाकरी थापताना खांदा कुठं येतो, तळाचा डबा काढताना कोण किती वाकतं, बघत बसले. "बया, जेवायला आलीस का तपासणीला?" एकीनं चिडवलंच. काढलेलं फाडायचं, परत काढायचं. हळूहळू हात बसला.

सर मध्येच म्हणाले, "वहिनींना मागच्या भिंतीत एक छोटं कपाट पाहिजे. अंगणाकडं उघडणारं. कामाच्या बायकांसाठी." मला वाटलं, चहा-नाष्टा हातोहात देता यावा म्हणून असेल. मी ते दोन्ही बाजूंनी उघडणारं केलं. बाहेर टेकायला रुंद कठडा दिला. अख्ख्या कामात मला तेच सगळ्यात आवडलं होतं.

डिझाइन बघायला वहिनी ऑफिसात आल्या. ओटा बघून म्हणाल्या, "अगदी माझ्या मनातला." सर माझ्याकडं बघून हसले. मग स्क्रीनवर ते कपाट आलं.

"हे आतून कशाला उघडतंय? आतून भिंत पाहिजे."

"मग चहा कसा द्यायचा?" मी विचारलं.

"चहा वरून ओततात. त्यांचे कप त्यांनी बाहेरच धुवायचे, तिथंच ठेवायचे. आत येता कामा नयेत."

गावात आई ज्यांच्या रानात खुरपायला जायची, त्यांच्या गोठ्याच्या वळचणीला एक कान तुटलेला कप खोचलेला असायचा. तिचा. ती तो काढून पुढं धरायची, वरून चहा पडायचा. मला वाटायचं, ते गावात राहिलं. आता त्यालाच लॅमिनेट लावून, गुळगुळीत बिजागऱ्या बसवून मी द्यायचं होतं.

"कर गं," सर म्हणाले, "एक दार तर पुसायचंय."

हात माउसवर. घरं तुझ्याकडं, घरं तुझ्याकडं, एवढंच डोक्यात वाजत होतं. मग डोक्यात तिडीक गेली.

"वहिनी, त्या दिवशी मला चहा कुठल्या कपात दिला होता?"

त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी स्क्रीनकडं.

"हे काय बोलणं झालं? आमच्यात असलं काही नसतं."

"मग आतून उघडू द्या की."

त्या पर्स उचलून उभ्या राहिल्या. "माफी माग," सर म्हणाले. "त्या कामाच्या बायकांचं बोलतायत, तुझं नाही."

"सर, माझी आई कामाचीच बाई हाय." हाय असंच तोंडातून निघालं. "हे दार मी पुसणार नाही."

मी खुर्चीवरून उठले. शेजारच्या टेबलावरचा माणूस येऊन बसला आणि त्यानं ते पुसलं. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. बाथरूममध्ये जाऊन मी रडले, रागानं रडले. दुसऱ्या दिवशी टेबलावर परत मुताऱ्यांचे नकाशे.

माझा ओटा तिथं बसला, वहिनी त्यावर स्वयंपाक करतात. बाहेरचं कपाटही झालं. मी काही जिंकलेबिंकले नाही.

पण स्वयंपाकघर मला आता येतं. ते कुणाच्या बापाला काढून घेता येणार नाही. नोकरी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. ऑफिसात नवं घर आलं की मी सरांपुढं जाऊन उभी राहते आणि ते मागते. ते नाही म्हणतात. मी पुढचं मागते. एक ना एक दिवस द्यावंच लागेल. त्या दिवशी मालकिणीला समोर बसवून पहिला प्रश्न विचारणार, कामाला येणारी बाई चहा कुठं बसून पिणार, कुठल्या कपात? उत्तर आल्याशिवाय मी एक रेघ मारणार नाही.