बशीखालचा ग्लास

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "मामाजी, शिरीष नहीं रहा," त्याचा भागीदार गुरप्रीत म्हणाला. मी विचारलं, "कौन शिरीष?" माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि मी विचारतो कौन शिरीष! हार्ट... बसल्या जागी. फोन ठेवून मी उरलेली मेथी निवडून संपवली. का, ते सांगता येत नाही. महिना उलटून गेला तरी डोक्यातला गुंता सुटत नाही, म्हणून लिहायला बसलो. मी दिल्लीत पहाडगंजात चौथीपर्यंत शिकलो, पुढे फरीदाबादच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. हे लिहिलेलं मी कुणाकडून सुधारून घेणार नाही. आहे तसं वाचा.

शिरीष पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर गुडगावला आला, आणि चाळिशीत ती सोडून बिअर बनवायला लागला. घरात सगळे चिडले, मीही. पण रविवारी तो बर्फात बाटली घालून माझ्याकडे यायचा. जर्मन पद्धतीची पिल्सनर म्हणायचा. जव, पाणी, यीस्ट आणि जर्मनीहून मागवलेली कडू फुलं, बस. रंग सोनेरी, आरपार दिसणारा, वर पांढरा फेस. "मामा, नावं ठेवा. लोण्याचा वास आला तर चूक, उकडलेल्या कणसाचा आला तर चूक." मी म्हटलं, "अरे, लोणी वाईट कधीपासून झालं?" "बिअरमध्ये वाईट, मामा." "आणि कडू चांगलं?" "बिल्कुल!" आता याला काय म्हणायचं?

आमच्या आईची शिस्त अशी, की समोर आलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. नको असेल तर गुपचूप झाकून ठेवायचं. मी तेच करायचो. दोन घोट घ्यायचे, जीभ आकसली की चहाची बशी ग्लासावर पालथी घालायची. शिरीष बशीकडे बघायचा आणि म्हणायचा, "बरोबर, मामा!" मला वाटायचं, समजला, आता कडू कमी करून आणेल. पुढच्या खेपेला आणखी कडू! मी पुन्हा बशी घालायची, तो पुन्हा खूश. एकदाच जरा गोडसर आणली होती. ती मी ग्लास उलटा करून संपवली. त्या दिवशी तो तोंड पाडून घरी गेला. मी म्हटलं, असेल काही बायकोशी.

तो गेला तेव्हा त्याची शेवटची पिल्सनर टाकीत होती. ही घाईने होत नाही, आठवडेच्या आठवडे गारठ्यात मुरवावी लागते. करणारा गेला, ती आपली मुरतच होती... गुरप्रीत मला गुडगावला घेऊन गेला. म्हणाला, "मामाजी, संडे को सब आ रहे हैं, उसकी याद में. यही पिलानी है. पर ठीक नहीं बनी तो नाली में बहा दूँगा, उसके नाम पर खराब चीज़ नहीं जाएगी. आप बताओ."

"मैं क्यों? बनाता तू है, तू बता."

"शिरीष को आपकी ज़बान पर भरोसा था. कहता था, मुकाबलों में बीयर परखने वाले जज ग्लास ढक देते हैं, खुशबू उड़े नहीं इसलिए. मामा को किसी ने सिखाया नहीं, फिर भी जो बढ़िया हो उसी पर प्लेट रखते हैं."

मी टाकीला हात टेकून उभा राहिलो. म्हणजे माझं 'नको' इतकी वर्षं 'वाहवा' म्हणून गेलं? माझ्या नकोतूनच ही बिअर घडली? पण थांबा. शिरीष काही परक्या घरचा नव्हता. माझ्या बहिणीने त्याला तीच शिस्त लावली होती. लहानपणी कारल्याची भाजी तो माझ्यासमोर वाटीखाली झाकून उठायचा. मग त्याला बशी कळली नसेल? की कळून माझी गंमत करत होता? की मामाला मोठेपणा मिळावा म्हणून... विचारायला माणूस नाही.

गुरप्रीतने ग्लास भरला. वास घेतला. ओलं गवत, ताजा पाव. लोणी नाही, कणीस नाही. घोट घेतला. कडू. जीभ आकसली, आणि मग ते कडू निघून गेलं, तोंड धुतल्यासारखं स्वच्छ झालं. चांगली की वाईट? देवाशप्पथ कळेना. नालीत जाणार की लोकांच्या ओठी, ते माझ्यावर होतं, आणि गुरप्रीत एकटक माझ्या हाताकडे बघत होता. मी म्हटलं, "प्लेट है?" त्याने आणली. मी ग्लासावर घातली. "पास!" ओरडून त्याने मला मिठी मारली आणि रडायला लागला.

रविवारी सगळे ती प्यायले. छान म्हणाले. लोक काय, काहीही म्हणतात.

गुरप्रीतने एक बाटली मला दिली होती. ती काल संध्याकाळी उघडली. दोन घोट घेतले आणि हात आपोआप बशीकडे गेला. बायको म्हणाली, "आवडली नाही वाटतं? ओतून टाकू?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

आज फेस बसलेला असेल. बशी उचलून बघितलेलं नाही. ग्लास ओट्यावर तसाच आहे, झाकलेला.