वरसेची सोयरीक

आठवीत शाळा सुटली आणि नांदेडकडून मी जोह्याला आलो, गणपतीच्या कारखान्यात. कारखान्याच्या मालकीणबाईंना मी काकू म्हणतो. त्यांनी पडवीत झोपायला जागा दिली, आजारपणात पेज करून पाजली. हे छप्पर आपल्या एखाद्या शब्दाने जाईल की काय, ही धास्ती मला अजून आहे.

काकूंची पग कुत्री माझ्याच अंथरुणाशी झोपते. तिचं घोरणं ऐकून गिऱ्हाईक हसतात. मला हसू येत नाही. मध्येच तिचा श्वास अडकतो, आणि सुटेपर्यंत मीही माझा धरून ठेवतो.

यंदा काकूंनी तिची सोयरीक रोह्याजवळच्या वरसे गावातल्या एका नराशी ठरवली. गाडी काकूच चालवतात. मी कुत्रीला मांडीवर घेऊन बसलो. तिथे नराच्या मालकाने त्याला फरशीवर उभं केलं.

"नाक बघा. हाय काय कुठं? बशीसारखं सपाट! लोक असलंच तोंड मागतात."

नाक खरंच शोधावं लागलं. तो नुसता उभ्या उभ्या धापा टाकत होता, जीभ जांभळट. साच्यातून काढताना मूर्तीचं नाक दबलं, तर ओल्या मातीत मी ते बोटाने उचलून घेतो. इथे ते पिढ्यान्‌पिढ्या मुद्दाम दाबत आणलं होतं, आणि त्यालाच देखणं म्हणत होते.

'नको' म्हणायची माझी छाती नव्हती. मी नुसतं विचारलं, "दादा, हिला विताना त्रास नाही ना होणार?"

तो हसला. "म्हैस हाय का ती? ह्या जातीतल्या बऱ्याच जणी वितच नाय. पिल्लांची डोकी मोठी. डॉक्टर पोट कापून काढतो."

आमच्याकडे शेळी विते, गाय विते. गाभण राहणार पण विणार नाही, असं जनावर मी ऐकलं नव्हतं.

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. "माझी दोन्ही पोरं पोट कापूनच झाली. पण मला पोरं हवी होती. हिला कुणी विचारलंय?"

"वहिनी, कुत्रीला काय विचारायचं?"

"तेच तर. चल रे, घे तिला."

परतताना गडब गाव मागे पडलं. त्या नराला दुसरी कुणी मिळेलच, हे मला कळत होतं. पण भीती वेगळीच होती: माझ्या प्रश्नाने काकूंनी ठरवलेली सोयरीक मोडली होती.

काकू म्हणाल्या, "हे घरीच विचारायचंस की रे. डिझेल तरी वाचलं असतं."