पौडच्या माडीवर युरोपची लढाई

आमच्या शनिवारच्या बैठकीतलं काही सांगायला लागलो की बायको म्हणते, "झालं! आता हे जेवायला उठत नाहीत." तिचं बरोबर आहे. एसटीत कंडक्टर म्हणून तीस वर्षं काढली, पण तिथं जमले नाहीत एवढे किस्से गेल्या दोन वर्षांत पौडच्या वाचनालयाच्या माडीवर जमले. आणि जमले कशावरून? तर शंभर वर्षांपूर्वी युरोपात मोठी लढाई झाली आणि तिकडच्या चित्रकारांची, कवींची सगळी रीतच बदलली, यावरून! आता बोला!

शिकवणाऱ्या कर्णिकबाई. पुण्यात कॉलेजात चित्रकला शिकवायच्या, रिटायर होऊन सूसच्या सोसायटीत राहायला आल्या. सत्तरी ओलांडलीय, तरी स्वतः स्कूटी हाणत पौडला येतात. ऐकायला आम्ही नेमाचे तिघं. मी, फ्लेक्सच्या दुकानाचे शेखभाई आणि सुभेदार ढमाले.

सुभेदारांचं एक आधीच सांगतो. ते मूळचे माले गावचे. गावातलाच बबन त्यांच्याबरोबर भरती झाला आणि बर्फातल्या एका लढाईत त्यांच्या शेजारीच गेला. बबनच्या घरी पत्र सुभेदारांनी लिहिलं. बबन शेवटी 'भारतमाता की जय' म्हणाला, असं त्यात आहे. दर सव्वीस जानेवारीला ते पत्र घरून आणून गावच्या शाळेत वाचतात. आणि दरवर्षी बबनची बायको, शांतावहिनी, सुभेदारांना गाठून विचारते, "भावजी, आजून काय बोललं व्हतं का हो?" सुभेदार "न्हाई वहिनी" म्हणून सटकतात. कारण पत्रातलं ते वाक्य त्यांनी मनानं घातलेलं. खरं सांगावं की नाही, हा घोर वीस वर्षं त्यांच्या जिवाला होता. हे त्यांनी आम्हाला सांगितलं तेव्हा बाईंनी काही उपदेश केला नाही. बाईंचं हे मला फार आवडतं.

* * *

सुरुवातीचाच प्रसंग. बाईंनी शेखभाईंकडे पेनड्राइव्ह दिला. म्हणाल्या, "यातलं चित्र मोठं करून छापा, भिंतीवर लावू." चित्रात एक माणूस. जबडा वाकडा, नाक गालावर, एक डोळा कपाळात.

शेखभाईंचा धंदा काय, तर वाढदिवसाचे फ्लेक्स. पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करण्यात हात धरणार नाही कोणी! शनिवारी त्यांनी ऐटीत फ्लेक्स उलगडला. माणसाचं नाक जागेवर, डोळे एका रेषेत, जबडा सरळ, गालावर लाली.

"बाई, फाईल खराब झाली होती. मी सगळं बसवून दिलंय!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी सांगितलं. हा चित्रकार स्वतः खंदकात लढला होता. तोफेनं जबडे उडालेली, टाके घालून घरी पाठवलेली माणसं त्यानं रस्त्यावर भीक मागताना पाहिली. लोक मान फिरवून जायचे. म्हणून त्यानं ती रंगवली, कोणाला मान फिरवता येऊ नये म्हणून.

शेखभाईंचा चेहरा उतरला. उठले, दुकानात गेले आणि तासाभरात मूळ चित्र जसंच्या तसं छापून घेऊन आले. "तोबा! त्यानं जिवावर उदार होऊन दाखवलं, आणि मी त्याला पावडर लावली!"

त्यानंतर त्यांच्या दुकानात एक नियम झाला. आमदार असो नाहीतर सरपंच, चेहऱ्यावरचा व्रण पुसून मिळणार नाही!

* * *

एकदा बाईंनी नुसत्या तुकड्यातुकड्यांचं चित्र आणलं. करडे, तपकिरी, हिरवट त्रिकोण आणि चौकोन. मला तर फुटलेली फरशीच वाटली. तसं म्हणालोही.

सुभेदार खुर्चीतून उठले, चित्राच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं माणूस बसलाय. गुडघं जवळ घिऊन."

आम्ही डोळे फाडून बघतोय, काही दिसेना. बाई मात्र उडाल्याच. "अहो, खरंच आहे! माझ्या विद्यार्थ्यांना अर्धा तास लागायचा!"

"आमाला अर्धा तास कोन देतंय बाई? समोरच्या डोंगरात माणूस दिसला न्हाई, तर आपला कार्यक्रम उरकला!" मग चित्राकडे बघत म्हणाले, "तोफा झाकाया रंग मारत्यात, तसलंच हाय ह्ये."

बाई म्हणाल्या, "त्या लढाईत फ्रान्सच्या लष्करानं तोफा लपवायला अशाच चित्रकारांना कामाला लावलं होतं, सुभेदार."

"मंग! हुशार लष्कर," सुभेदार म्हणाले. तेवढं एकच वाक्य. पण त्या दिवसापासून चित्राच्या अगदी जवळ खुर्ची त्यांची.

* * *

कात्रीचा किस्सा तर माझ्यावरच बेतला. लढाईला कंटाळून काही पोरं-पोरी स्वित्झर्लंडला पळून आली होती. तिथं एका हॉटेलात जमून ती मुद्दाम अर्थ नसलेलं काहीबाही म्हणायची. पेपरातले शब्द कापायचे, पिशवीत घालून हलवायचे, हाताला येतील तसे चिकटवायचे. झाली कविता! बाईंनी आम्हालाही तेच करायला लावलं.

माझी कविता अशी निघाली: 'उद्या पाणीपुरवठा मंत्री शुभहस्ते गळती कायम.'

मी वैतागलो. "बाई, हा काय पोरखेळ? शहाण्यासुरत्या माणसांनी करायचं का हे?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "शहाण्यासुरत्या माणसांनी सुंदर, शुद्ध भाषणं करूनच लाखो पोरं मरायला पाठवली होती. म्हणून या पळून आलेल्यांना ती भाषाच नको झाली."

ती कविता मी घरी फ्रिजवर लावलीय. बायको म्हणते, तुम्ही जन्मात केलेलं हेच एक खरं विधान!

* * *

डिसेंबरातल्या एका शनिवारी बाईंनी खंदकातल्या कवींचं सांगितलं. हे लोक लढाईवर गेले तेव्हा झेंडे, बिगुल, अमर व्हायचं, असलं लिहायचे. आत वर्ष काढल्यावर लिहायला लागले चिखलाबद्दल, उवांबद्दल, ओल्या बुटांबद्दल, शेजारचा पोरगा विषारी वायूनं खोकत खोकत कसा गेला त्याबद्दल. घरी बसलेले लोक चिडले. हुतात्म्यांची विटंबना करता म्हणाले. तरी ते लिहीत राहिले.

सुभेदारांनी विचारलं, "आन् गेलेल्यांच्या घरच्यांनी? त्येंनी माफ केलं का त्यास्नी?"

"काहींनी केलं, काहींनी नाही केलं," बाई म्हणाल्या.

मला त्यांची दया आली आणि अभिमानही वाटला. जाताना सुभेदार जिन्यात थांबून म्हणाले, "सव्वीस जानेवारीच्या आदी माल्याला जायाचं. तुमी तिगं चला संगं. मी येकटा गेलो तर आर्ध्यातनं परत यीन."

* * *

गेलो. शेखभाईंच्या गाडीतून. शांतावहिनींनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा केला. सुभेदारांनी कप हातातही घेतला नाही.

"वहिनी, त्या पत्रात मी खोटं लिवलं. बबन तसलं काय बोलला न्हाई."

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "मंग काय बोललं?"

"गोळं पडाय लागलं, तसं आमी दोगं येकाच खड्ड्यात उडी मारली. मी पडलो त्येच्या पायावर. तर त्यो म्हनला..." सुभेदारांनी कप लांब सरकवला. "म्हनला, 'आंधळ्या, रताळ्या, पाय मोडलास की माझा! ऊठ की!' आन् वर आईवरनं येक शिवी. मी उठलो, आन् तेवड्यात आला गोळा. बास. येवडंच."

बाईंनी माझा दंड धरला होता.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं, रडतायत. पण त्या हसत होत्या! खांदे हलेपर्यंत हसत होत्या, आणि डोळ्यांतून धारा.

"व्हय, व्हय, ह्ये बोलनं त्येंचंच!" त्या म्हणाल्या. "मंग येवडी वर्सं देव्हाऱ्यात कुनाच्या नवऱ्याचं पत्र पुजतेय मी?"