बेडकांना अहोजाहो करणारे मामा

बेडकांना अहोजाहो करणारा उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. पन्नास सालच्या सुमारास नौपाड्यात त्यांची तपासणीची छोटी खोली होती. बाईला दिवस गेलेत की नाही, हे मामा नर बेडकावरून सांगत. गर्भाच्या वारेतून एक द्रव्य आईच्या रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. ती लघवी बेडकाला टोचली की दोन-तीन तासांत त्याच्या लघवीत शुक्रजंतू दिसतात. हे सगळं मामा पंगतीत, भरल्या पानावर समजावून सांगत; त्यामुळे त्यांच्या शेजारचा पाट रिकामाच राही. कोलशेतच्या भातखाचरांत छत्री घेऊन ते स्वतः बेडूक धरायला जात आणि न्हाणीघरात पिंपात ठेवत. सुई टोचण्याआधी "माफ करा हं" म्हणत, आणि काम झालेल्या बेडकाला आठवडाभर रजा देत. मामी अंघोळीला जाताना आधी दार वाजवीत.

लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या बायकोला, कुसुमला, दिवस गेले. आम्ही डोंबिवलीत राहत होतो. तिसऱ्याच महिन्यात पोट पाचव्यासारखं दिसू लागलं. "जुळं आहे," म्हणत आईने दुपटी शिवायला घेतली. पण कुसुमच्या पोटात पाणीही ठरेना, आणि एके दिवशी अंगावर रक्त जाऊ लागलं. डॉक्टरांनी मामांकडे तपासणी सांगितली. मामांनी लघवी पाणी घालून पातळ केली, आणखी पातळ केली. एरवी इतक्या पातळ लघवीत ते द्रव्य पुरत नाही, तरी बेडकाचा कौल तोच; म्हणजे ते भलतंच जास्त होतं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले.

"पोरी, नुसती वारच वाढलीय, द्राक्षाच्या घडासारखी. आत मूल नाही."

"आणि तुमचा बेडूक चुकला असेल तर?" कुसुम ओरडली.

"उद्याच दवाखान्यात जा," एवढंच बोलून मामा उठले.

मामांचं खरं ठरलं. गर्भाशय रिकामं करावं लागलं. कुसुम वाचली, पण मामांशी बोलेना. वारेचा अंश मागे राहिला तर तो वाढून जिवावर बेततो, म्हणून मामा दर महिन्याला येत, ओट्यावर बसत. कुसुम लघवीची बाटली माझ्या हाती देई, बाहेर येत नसे. असं वर्ष गेलं. शेवटच्या तपासणीनंतर मामांनी ओट्यावरूनच हाक मारली, "कुसुम, काही उरलं नाही गं आता. भिऊ नको." तेव्हा ती चहा घेऊन बाहेर आली. दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली.

मामा गेल्यावर आम्ही नौपाड्याला भेटायला गेलो. बोलता बोलता मामी म्हणाल्या, "तुझी ती पहिली तपासणी ह्यांनी तीन बेडकांवर तीनदा केली. जेवलेसुद्धा नाहीत. म्हणाले, आयुष्यात एकदा तरी माझं चुकू दे." कुसुमने मामींचा हात हातात घेतला.